संगणकातील राखीव मेमरी : एका हिशोबाची गोष्ट

२०१० सालच्या सुमारास आमच्या वसाहतीतील अभ्यासिकेसाठी वर्गणी गोळा करून सहा जुने संगणक विकत घेण्यात आले. खरेदीची जबाबदारी वसाहतीतीलच, डिप्लोमा करणाऱ्या एका होतकरू मुलावर सोपविण्यात आली होती. पावतीवर प्रत्येक यंत्रापुढे ‘४ जीबी रॅम’ असे स्पष्ट लिहिलेले होते. यंत्रे आली, टेबले लागली, फीत कापून उद्घाटनही झाले. आणि त्यानंतरच्या पहिल्याच मासिक सभेत एका ज्येष्ठ सभासदाने प्रश्न टाकला. त्यांच्या नातवाने त्यांना पडद्यावर दाखविले होते की, पाच संगणक ३.२४ जीबी दाखवितात आणि सहावा तर ३.०२ च दाखवितो.

“अध्यक्षसाहेब, आपण पैसे चारचे मोजले. मग पाऊण जीबी गेली कुठे? आणि एका यंत्रात तर जवळजवळ अख्खी एक जीबी कमी आहे!”

खजिनदारांनी पावती पुन्हा पुन्हा वाचली. उघड कोणी काही बोलले नाही, परंतु सगळ्यांच्या नजरा त्या मुलाकडे वळल्या. वर्गणीचा पैसा म्हणजे हमाली करणाऱ्याच्या, धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या गाठीचे दहा-वीस रुपये. त्याचा हिशोब मागणे मुळीच गैर नव्हते. पण त्या मुलाचा पडलेला चेहरा मी अजून विसरलेलो नाही. तो एवढेच म्हणाला, “काका, आतमध्ये चारच आहे. कमी का दाखवतं ते मला सांगता येत नाही.”

मी स्वतः संगणकावर नोकरी करणारा, पण त्या दिवशी मलाही ते नीट सांगता आले नाही. नंतर मी तो हिशोब शोधून काढला. तो मुलाच्या बाजूने लागला हे आधीच सांगून टाकतो. हिशोब करता करता जे कळले ते प्रस्तुत लेखात मांडले आहे. ‘राखीव’ म्हटले की आपल्या वाचकाच्या मनात एकदम दुसराच विषय उभा राहील. येथे तो नाही. येथला विषय जमिनीच्या उताऱ्यासारखा आहे असे समजावे.

मेमरी म्हणजे एकापुढे एक मांडलेल्या कप्प्यांची लांबच लांब रांग होय. प्रत्येक कप्प्याला एक क्रमांक असतो. जमिनीच्या भाषेत त्याला गट नंबर म्हणू. प्रोसेसरला कप्पा दिसत नाही. तो फक्त नंबर पुकारतो आणि त्या नंबरचा जो धनी असेल तो उत्तर देतो. ३२-बिटी यंत्रणेत असे एकंदर ४,२९,४९,६७,२९६ नंबर पुकारता येतात, म्हणजे बरोबर चार जीबी. आता खरी मेख येथे आहे. हे नंबर एकट्या मेमरीच्या मालकीचे नाहीत. ग्राफिक कार्ड, नेटवर्क कार्ड, ध्वनीचे कार्ड या सर्वांशी बोलण्यासाठीही प्रोसेसर नंबरच पुकारतो. अमुक नंबरवर लिहिले की ते पडद्यावर उमटते, तमुक नंबरवर लिहिले की नेटवर्क कार्डाला हुकूम जातो. म्हणून चार जीबीच्या अगदी वरच्या टोकाचे बरेचसे नंबर या उपकरणांच्या नावावर चढविलेले असतात. तेथे मेमरीची चिप बसविलेली असली तरी तिच्यापर्यंत हाक पोहोचतच नाही. त्या नंबरला दुसराच कोणी ‘ओ’ देतो. जमीन जागेवर आहे, पण गट नंबर दुसऱ्याच्या नावे लागला आहे.

नव्या यंत्रांत अशा झाकल्या गेलेल्या मेमरीला चार जीबीच्या वरचे नवे नंबर दिले जातात आणि ६४-बिटी कर्नल ते सुखाने वापरतो. आमच्या यंत्रांवर होती ३२-बिटी विंडोज एक्सपी. तिला चार जीबीच्या वरचा नंबर वापरताच येत नव्हता. शिवाय ती पडद्यावर उरलेला आकडाच तेवढा दाखवी, कारण सांगत नसे. पुढे विंडोज ७ मध्ये ‘४ जीबी’ लिहून कंसात ‘इतकी वापरण्याजोगी’ असा खुलासा येऊ लागला. तो एक कंस आमच्या सभेच्या वेळी पडद्यावर असता तर एका मुलाची मान खाली गेली नसती.

ही झाली नंबर राखीव असण्याची गोष्ट. दुसरा प्रकार याहून वेगळा आहे. ज्या संगणकात ग्राफिकचे स्वतंत्र कार्ड नसते, त्यात पडद्याचे काम मदरबोर्डवरचीच ग्राफिक यंत्रणा करते. तिच्याजवळ स्वतःची मेमरी नसते. मग संगणक सुरू होतानाच बायोस मुख्य मेमरीचा एक तुकडा तोडून तिच्या नावे करते. येथे मात्र खरोखरीची, पैसे मोजून घेतलेली मेमरी बाजूला जाते. वाया जात नाही, पण आपल्या प्रोग्रामांना ती मिळत नाही. हे दोन प्रकार वेगळे ठेवले नाहीत तर हिशोब कधीच लागत नाही.

हा प्रकार काही नवा नव्हे. १९८१ साली आयबीएमने पहिला पीसी काढला, तेव्हा त्यातील ८०८८ प्रोसेसरला पत्त्यासाठी वीस तारा होत्या, म्हणजे फक्त एक एमबीचे नंबर. त्यातील खालचे ६४० केबी प्रोग्रामांसाठी ठेवले गेले आणि वरचे ३८४ केबी पडद्यासाठी, कार्डांसाठी व बायोससाठी राखले गेले. डॉसच्या काळात ज्यांनी काम केले आहे त्यांना या ६४० केबीने किती रडविले ते आठवत असेल. तो राखीव पट्टा आजच्या पीसीतही त्याच जागी आहे.

आता कोणी म्हणेल, उपकरणाची जागा राखली नाही तर असे काय मोठे बिघडणार आहे? हे समजण्यासाठी उपकरणे काम कशी करतात ते पाहावे लागेल. पूर्वी प्रोसेसर स्वतः एक-एक अक्षर उपकरणाकडून उचलून मेमरीत ठेवीत असे. हे फार हळू होते. म्हणून अशी सोय झाली की, प्रोसेसरने फक्त जागा सांगावी आणि उपकरणाने माल परस्पर मेमरीत उतरवून टाकावा. यालाच डी.एम.ए. म्हणतात. नेटवर्क कार्ड, डिस्क, कॅमेरा हे सर्व असेच काम करतात. यात वेग आहे, पण धोकाही तेवढाच आहे. उपकरण लिहिताना प्रोसेसरला विचारीत नाही. प्रोग्रामावर जी पाळत असते ती साध्या डी.एम.ए.वर नसते. समजा, एखादे उपकरण एका जागेला आपली समजून लिहीत आहे आणि तीच जागा कोणीतरी तुमच्या हिशोबाच्या तक्त्याला देऊन टाकली. मग काय होईल? यंत्र ओरडणार नाही, लाल अक्षरे येणार नाहीत. तक्त्यातील एक आकडा गुपचूप बदलेल. कदाचित आठवड्याने लक्षात येईल, कदाचित कधीच येणार नाही. आणि आला तर दोष कोणावर? टाईप करणाऱ्यावर!

ही जागा वाटण्याचे काम कर्नल करतो. कर्नल म्हणजे सैन्यातला अधिकारी नव्हे. दाण्याच्या आतला गर, गाभा, अशा अर्थाचा तो शब्द आहे. विंडोज असो, लिनक्स असो, तिच्या गाभ्याशी हा कार्यक्रम असतो व सगळी मेमरी त्याच्या ताब्यात असते. तो मेमरीची चार-चार केबींची पाने पाडतो. चार जीबीची अशी १०,४८,५७६ पाने होतात. जो प्रोग्राम मागेल त्याला तो पान देतो, काम झाले की परत घेतो. पुढे मी लिनक्सचेच उदाहरण घेतो, कारण त्याचा सगळा कारभार उघडा आहे. कोणालाही वाचता येतो.

लिनक्सचा कर्नल सुरू होतो त्या क्षणी त्याला किती मेमरी आहे आणि कोणाची आहे हे ठाऊक नसते. पीसीवर तो ते बायोसला विचारतो. ज्या हाकेने विचारतो तिचे नाव ई-८२०. कर्नलच्या लोकांत त्या यादीलाही हेच नाव पडले आहे. नव्या यंत्रांत यू.ई.एफ.आय. ही यंत्रणा तशीच यादी देते. ही यादी म्हणजे मेमरीचा सातबाराच म्हणा ना. इथून इथपर्यंत वापरण्याजोगी, इथून इथपर्यंत राखीव, अमुक तुकड्यात बायोसचे तक्ते आहेत ते वाचून झाल्यावर जागा घ्यावी, तमुक तुकडा यंत्र झोपी जाऊन पुन्हा उठेपर्यंत जसाच्या तसा ठेवावा. ज्याने जमीन घेताना सातबाऱ्यावरचा ‘इतर अधिकार’ हा रकाना वाचला नाही तो पुढे कोर्टाच्या पायऱ्या झिजवितो, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. कर्नलचेही तसेच आहे.

यात क्रमाला फार महत्त्व आहे. नेहमीचा वाटप विभाग सुरू होण्यापूर्वी कर्नलमध्ये ‘मेमब्लॉक’ नावाची एक साधी व्यवस्था काम करते. तिच्याजवळ दोनच वह्या असतात : एकीत एकूण मेमरी, दुसरीत बोजा चढलेले तुकडे. कर्नलची स्वतःची जागा, सुरुवातीला लागणाऱ्या फाईलची जागा, उपकरणांचे हक्क, हे सारे आधी दुसऱ्या वहीत चढते. पहिलीतून दुसरी वजा करून जे उरते तेवढेच वाटप विभागाच्या हवाली होते. हा क्रम चुकला व राखीव पान एकदा का कोणाला दिले गेले, तर ते परत मिळविणे कठीण. कारण तोपर्यंत तेथे कोणाचा तरी संसार थाटला गेलेला असतो.

परंतु यादीच खोटी असली तर? तेही घडते. काही बायोस असे निघाले की, यादीत जागा ‘वापरण्याजोगी’ म्हणून दाखवायची आणि यंत्र झोपेतून उठताना तीतच काहीबाही लिहून ठेवायचे! हे प्रकार बहुतेक सुरुवातीच्या एक एमबीत होत. लिनक्सने आधी खालचे ६४ केबी सोडून द्यायला सुरुवात केली. तरी तक्रारी थांबेनात. शेवटी २०२१ साली, ५.१३ या आवृत्तीत, पीसीवर पहिली संपूर्ण एक एमबी राखीव करून टाकली. यादी काहीही म्हणो. एके काळी ज्या एक एमबीत सगळा पीसी मावत होता, ती आज वादात पडण्यापेक्षा सोडलेली बरी, असा हा व्यवहार आहे. मला तो शहाणपणाचा वाटतो. आजच्या यंत्रात एक एमबी म्हणजे किस झाड की पत्ती!

मोबाईल फोन व छोटे बोर्ड यांच्याकडे वळू. त्यांत बहुधा एआरएम जातीचा प्रोसेसर असतो आणि पीसीसारखे यादी देणारे बायोस तेथे नव्हते. कोणत्या बोर्डावर कोणते उपकरण, कोणत्या नंबरवर, हे सर्व कर्नलच्या आत प्रत्येक बोर्डासाठी वेगळी फाईल करून लिहीत असत. जितके बोर्ड तितक्या फाईली. २०११ च्या मार्चमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी या पसाऱ्याबद्दल उघड संताप व्यक्त केला. त्यानंतर एआरएमचे काम ‘डिव्हाइस ट्री’ या पद्धतीवर नेण्यात आले. यात बोर्डाचे सारे वर्णन एका वेगळ्या फाईलीत असते आणि कर्नल सुरू होताना ती वाचतो. २०१४ मध्ये, ३.१५ या आवृत्तीत, या वर्णनातील ‘रिझर्व्ड-मेमरी’ या प्रकरणाची व्यवस्था कर्नलमध्ये आली. त्यात प्रत्येक राखीव तुकड्याची नोंद असते. तुकडा ठराविक नंबरवरच हवा असेल तर तसे लिहावे. नुसता आकार हवा, जागा कुठलीही चालेल, असे असेल तर तसे लिहावे. मग ज्या उपकरणाला तो हवा त्याच्या नोंदीत ‘माझा तुकडा तो’ असा निर्देश करावा.

या नोंदीत दोन शेरे फार महत्त्वाचे आहेत. ते समजण्यासाठी आपली एस.टी. आठवावी. एस.टी.त चालकाची जागा असते आणि ‘महिलांसाठी राखीव’ असे रंगविलेले बाकही असतात. दोन्ही राखीवच, पण राखण्याची रीत एक नाही. चालक चहाला उतरला म्हणून त्याच्या जागेवर कोणी बसत नाही. महिलांच्या बाकावर मात्र गाडी रिकामी असेल तर पुरुष बसतो, आणि पुढच्या थांब्यावर बाई चढल्या की त्याने उठावे अशी अपेक्षा असते.

पहिला शेरा ‘नो-मॅप’. ही चालकाची जागा. कर्नलने हा तुकडा कोणाला द्यायचा नाहीच, शिवाय स्वतःच्या नकाशातही त्याला स्थान द्यायचे नाही. हे जरा अतिरेकी वाटेल, पण त्याला कारण आहे. आजचे प्रोसेसर पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून मेमरी आगाऊ वाचून ठेवतात. नकाशात जागा असली की ते तेथेही डोकावणार. फोनमधील काही तुकडे सुरक्षेच्या यंत्रणेच्या ताब्यात असतात आणि तेथे नुसते डोकावले तरी हार्डवेअर चूक नोंदविते व फोन जागच्या जागी बंद पडू शकतो. म्हणून ‘देऊ नका’ एवढे पुरत नाही, ‘पाहूही नका’ असे सांगावे लागते. मोडेमचा, ध्वनीचा असे फोनमध्ये आणखी प्रोसेसर असतात. त्यांचे प्रोग्राम ज्या तुकड्यांत राहतात त्यांवरही हा शेरा पुष्कळदा आढळतो.

दुसरा शेरा ‘रियूजेबल’, म्हणजे महिलांचा बाक. याची कहाणी कॅमेऱ्यापासून सुरू होते. पडद्यावर जे चलचित्र १९२० बाय १०८० ठिपक्यांचे दिसते, त्यातील एक चित्र ठिपक्याला दीड बाईटच्या हिशोबाने ३१,१०,४०० बाईटचे होते, म्हणजे सुमारे ७६० पाने. स्वस्तातल्या पुष्कळ कॅमेरा-चिपांना ही पाने सलग लागतात. विखुरलेली जोडून घेण्याची अक्कल त्यांच्यात नसते. आणि एक चित्र पुरत नाही, एकाच वेळी अनेक लागतात. फोन सकाळी सुरू केला तेव्हा सलग जागा मुबलक असते. दुपारपर्यंत प्रोग्राम आले-गेले, पाने दिली-घेतली, की मोकळी पाने भरपूर असूनही एका ओळीत ७६० मिळत नाहीत. बसमध्ये दहा जागा रिकाम्या असतात, पण पाच जणांच्या कुटुंबाला शेजारी शेजारी बसता येत नाही, तसेच हे. जुना उपाय असा की, सुरुवातीलाच कॅमेऱ्यासाठी मोठा तुकडा कायमचा बाजूला काढायचा. मग दिवसातून दोन मिनिटे फोटो काढणाऱ्याच्या फोनमध्येही ती मेमरी चोवीस तास रिकामी बसून राहायची. ज्या फोनात मुळात मेमरी थोडी, म्हणजे गरिबाच्या फोनात, ही उधळपट्टी सर्वांत जास्त बोचणारी.

यावर सॅमसंगमध्ये काम करणाऱ्या मिहाऊ नाझारेविच व मारेक शिप्रोफ्स्की यांनी सी.एम.ए. ही पद्धत पुढे आणली आणि २०१२ साली ती लिनक्सच्या ३.५ आवृत्तीत दाखल झाली. तुकडा राखीवच राहतो, परंतु उपकरणाला नको असेल तेव्हा कर्नल तेथे इतरांना बसू देतो. अट एकच : बसणारा उठविता येण्याजोगा हवा. प्रोग्रामाचे साधे पान कर्नल दुसरीकडे उतरवून घेतो, त्याच्या नोंदी बदलतो, प्रोग्रामाला कळतही नाही. कर्नलची स्वतःची काही पाने मात्र जागची हलत नाहीत. त्यांना या बाकावर बसूच दिले जात नाही. कॅमेरा सुरू झाला की बसलेल्यांना उठवून सलग जागा रिकामी करून दिली जाते.

योजना सुंदर आहे, पण एस.टी.चा अनुभव असलेल्याला तिची अडचण लगेच कळेल. बसताना मोकळा दिसलेला उतारू मांडीवर भलेमोठे बोचके घेऊन बसला, तर तो वेळेवर उठत नाही. तसेच एखादे पान बसविल्यानंतर दुसऱ्या कोणीतरी ‘हे हलवू नका’ म्हणून धरून ठेवलेले असते. मग कॅमेरा वाट पाहतो, किंवा त्याला नकार मिळतो. कर्नलच्या लोकांनी त्यावर वर्षानुवर्षे डागडुजी केली आहे. म्हणूनच ज्या उपकरणाला नकार ऐकून चालणार नाही, त्याला आजही चालकाची जागाच द्यावी असे माझे मत आहे. एकाच तुकड्यावर हे दोन्ही शेरे मारता येत नाहीत, असा नियमच आहे.

जाता जाता रास्पबेरी पाय या छोट्या बोर्डाचा उल्लेख करतो. २०१२ साली तो आला तेव्हा त्यात २५६ एमबी मेमरी होती आणि तीत मुख्य प्रोसेसर व ग्राफिक यांचा वाटा पाडावा लागे. तेथे आधी जागा होतो तो ग्राफिकचा प्रोसेसर, आणि तो मुख्य प्रोसेसरला त्याचा वाटा काढून देतो! म्हणजे घरमालक कोण आणि भाडेकरू कोण, असा प्रश्न पडावा.

आता सर्व्हरच्या बाबतीतील एक पेच सांगतो. उपकरण वाटेल तेथे लिहू शकते हा धोका टाळण्यासाठी आय.ओ.एम.एम.यू. नावाचा पहारेकरी पुढे आला. उपकरणाने पुकारलेला नंबर आधी तो तपासतो, परवानगी असलेल्या जागेवरच पोहोचवितो, बाकी अडवितो. विखुरलेली पाने तो उपकरणाला सलग असल्यासारखी दाखवितो, त्यामुळे कॅमेऱ्याची तक्रारही मिटू शकते. मग राखीव जागांची गरज संपली म्हणायची? तसे झाले नाही. इंटेलच्या यंत्रांवर बायोस एका तक्त्यात कर्नलला कळविते की, अमुक उपकरण अमुक तुकड्यात लिहीत असते, त्याला अडवू नका. या नोंदीला आर.एम.आर.आर. म्हणतात. यू.एस.बी.चा कीबोर्ड संगणक सुरू होताना जुन्या पद्धतीच्या कीबोर्डासारखा चालावा यासाठी बायोसने केलेली सोय, ग्राफिकसाठी काढलेला तुकडा, ही त्याची नेहमीची उदाहरणे. काही सर्व्हरमध्ये यंत्राच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणारी वेगळी चिप असते, तिच्यासाठीही अशा नोंदी केलेल्या आढळल्या. कर्नल या नोंदी मान्य करतो आणि पहाऱ्यात तेवढी फट ठेवतो : उपकरणाने जो नंबर पुकारला तोच नंबर, अदलाबदल नाही.

पेच पुढे आहे. एका मोठ्या सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालविण्याची पद्धत आता सर्वत्र आहे, आणि एखादे खरे कार्ड सरळ एका आभासी संगणकाच्या स्वाधीनही करता येते. त्या आभासी संगणकाला वाटते की सारी मेमरी आपली. आर.एम.आर.आर.च्या त्याच नंबरवर तो स्वतःचा काही माल ठेवतो. कार्ड मात्र बायोसच्या जुन्या हुकुमाप्रमाणे तेथे लिहीतच राहिले तर? पुन्हा तेच गुपचूप बिघडणे. २०१४ साली लिनक्सने ठरविले की, अशी नोंद असलेले उपकरण आभासी संगणकाला द्यायचेच नाही. यू.एस.बी.ला, आणि पुढे अंतर्भूत ग्राफिकला, सूट देण्यात आली, कारण कर्नलने ताबा घेतल्यावर त्यांच्या त्या तुकड्याचे काम संपते असे धरता येते. बाकीच्यांना नकार मिळतो आणि त्यासोबत ‘यंत्राच्या निर्मात्याशी संपर्क साधा’ असा संदेश येतो. पुष्कळांचे महागडे कार्ड यामुळे अडून बसले. काही हौशी लोक ही अटच काढून टाकलेला कर्नल तयार करून वापरतात व ‘काही होत नाही’ म्हणून सांगतात. घरच्या प्रयोगाला ते ठीक असेल. पण ज्या यंत्रावर दुसऱ्याचा पगार, दुसऱ्याचे गुण, दुसऱ्याचे औषध नोंदले आहे, तेथे हा खेळ करू नये.

२०१७ पासून लिनक्समध्ये उपकरणांच्या प्रत्येक गटासाठी एक छोटी फाईल मिळते. तीत त्या गटाला कोणते नंबर वर्ज्य आहेत हे वाचता येते. पीसीवर तीत एक ओळ हटकून दिसते : चार जीबीच्या १८ एमबी खालून सुरू होणारी एक एमबीची पट्टी. तेथे मेमरी नाहीच. उपकरणाने तेथे लिहिणे म्हणजे प्रोसेसरच्या दारावर ‘माझे काम झाले’ म्हणून थाप मारणे होय. ही थाप मेमरीत हरवू नये म्हणून ती पट्टी मोकळी ठेवतात.

ज्या तरुण वाचकांच्या संगणकावर लिनक्स असेल त्यांनी स्वतः पाहावे. ‘प्रॉक’ या फोल्डरमध्ये ‘आय.ओ.मेम’ नावाची फाईल आहे. ती मुख्य अधिकाराने, म्हणजे ‘रूट’ म्हणून उघडावी. साध्या अधिकाराने उघडल्यास सगळीकडे शून्ये दिसतात. तीत पूर्ण सातबारा आहे : कोणता पट्टा मेमरीचा, कोणता ग्राफिकचा, कोणता राखीव. पावतीचा आकडा व पडद्यावरचा आकडा यांतील फरक त्यातून बराचसा उलगडतो.

आमच्या यंत्रांचा हिशोब मात्र याहून साध्या रीतीने लागला. पुढच्या सभेच्या आधी एका रविवारी त्या मुलाने सहाही यंत्रांची झाकणे सर्वांसमक्ष उघडली. प्रत्येकात दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. ज्या सभासदांनी प्रश्न विचारला होता त्यांनीच त्या मोजल्या, चष्मा लावून पट्टीवरचा आकडा वाचला. पाऊण जीबीचा खुलासा मी वर लिहिल्याप्रमाणे केला. किती जणांना समजला ठाऊक नाही, पण पट्ट्या सर्वांना दिसल्या होत्या. राहिला सहावा संगणक. त्याची बायोसची सेटिंग पाहिली तेव्हा कळले की, पाच यंत्रांत ग्राफिकसाठी ३२ एमबी तोडलेली होती आणि सहाव्यात २५६. फरक २२४ एमबी, ३.२४ मधून वजा केले की ३.०२. आधीच्या मालकाने कधीतरी खेळासाठी ती वाढविली असावी. मुलाने तेथल्या तेथे ती ३२ केली, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि पडद्यावर ३.२४ आले. सचिवांनी प्रोसीडिंग बुकात ‘मेमरीचा हिशोब तपासला, बरोबर आहे’ अशी नोंद घेतली व त्याखाली त्या ज्येष्ठ सभासदांनी आपण होऊन सही केली.